हातभर खाली आलेली कडी

मी बाथरूमच्या दाराची कडी बोलतेय. आतल्या बाजूची, साधी लोखंडी.

उठायला, बसायला, आंघोळीला दुसऱ्याचा हात लागतो अशा मोठ्या माणसांची ही राहण्याची संस्था. सुतारानं मला बसवलं ते उभ्या माणसाच्या खांद्याशी, आणि इथले बहुतेक जण चाकांच्या खुर्चीत! त्यामुळे मावशी फरशी धुवायला शिरल्या की तेवढी मी लागायचे. एरवी नुसती लोंबकळत असायचे. दार लोटलेलं, आणि कुणीही "कोण आहे गं आत?" म्हणत सरळ डोकवायचं. वाईट मनानं नव्हे, सवयीनं.

मग ऑडिट ठरलं. त्यात नापास झालो तर परवाना जाणार, म्हणून संस्था चालवणाऱ्या मॅडमची झोपच उडाली. औषधांच्या कपाटाला नवं कुलूप आलं, भिंतींना रंग लागला. माझ्यासमोरच्या व्हरांड्यात मॅडम सगळ्यांकडून प्रश्नोत्तरांची तयारी करून घेऊ लागल्या.

"इथे तुमचा खासगीपणा जपला जातो का?" त्यांनी बेबीताईंना विचारलं. बेबीताई पन्नाशीच्या, लाडाचं नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांचे शब्द ओढत ओढत येतात.

"नाही."

"अहो ताई, असं काय करता? हो म्हणायचं!"

"कडी... वर आहे."

सगळे वळून माझ्याकडे बघू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅडम बेबीताईंच्या खुर्चीपाशी खालीच बसल्या. "आणि आत पडलात तर? तुमच्या भावाला मी काय तोंड दाखवू?"

"पडले तर... ओरडेन. पण दार... माझं मी लावीन."

"इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"विचारलंत... आज."

मॅडमनी चष्मा पुसला. मग उठून त्यांनी सुताराला फोन लावला.

सुतारानं बेबीताईंना हात लांब करायला सांगितलं आणि तो टेकला तिथेच पेन्सिलीनं खूण केली. मी हातभर खाली आले. फटीतून स्टीलची पट्टी सरकवली की मला बाहेरून उचलता येतं, हे मॅडमनी स्वतः करून पाहिलं, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

पहिल्यांदा बेबीताईंनी मला लावून पाहिलं. कोयंडा हुकला, पुन्हा हुकला, आणि मग मी खट्‌कन बसले. आत एकट्याच त्या खुदकन हसल्या. ते हसू फक्त मी ऐकलं.

ऑडिटच्या दिवशी तपासणीला आलेल्या बाई खोल्या बघत बघत इथवर आल्या. दार लागलेलं. त्यांनी टकटक केलं.

"थांबा," आतून आवाज आला.

बाई थांबल्या. मॅडम थांबल्या. बादली घेऊन आलेल्या मावशीही थांबल्या. बेबीताईंनी नळ बंद केला, तोंड पुसलं, केस सारखे केले. घाई म्हणून केली नाही. मग मला उचललं.

परवाना टिकला. आता दिवसभर बोटं लागून लागून माझा रंग उडत चाललाय, आणि त्याचं मला काडीइतकंही दुःख नाही. तुम्ही कधी आलात, तर आधी टकटक करा. उत्तर यायला जरा वेळ लागेल. तेवढं थांबा.