मागचं चाक
सायकल महासंघाच्या मुख्य पंचांना सगळे मागून शंकासुर म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. ताक फुंकून पिणारे जगात पुष्कळ असतात. हे गृहस्थ पाणीसुद्धा फुंकून पीत. त्यांची स्वतःची मुलगी शर्यतीत उतरली तेव्हा त्यांनी सगळ्यांच्या सायकली एकदा तपासल्या, तिची दोनदा.

राष्ट्रीय संघात कनिष्ठ मुलींची एकच जागा होती. मुलगी दुसरी आली. पहिली आलेली एका शिंप्याची पोर शर्यतीनंतरच्या तपासणीत बाद झाली. तपासणी साधी असते. सायकल मागे ढकलत न्यायची, पेडलचा एक फेरा पुरा होऊ द्यायचा, आणि मागचं चाक जमिनीवरच्या पट्टीपलीकडे जाता कामा नये. गेलं, तर गिअर कनिष्ठांना चालतो त्याहून जड. शिंप्याच्या पोरीचं चाक पट्टीच्या वीतभर पलीकडे गेलं. सकाळी तर बरोबर होतं, असं ती रडत सांगत राहिली. सरचिटणीसांनी पंचांची पाठ थोपटली आणि तुमच्या पोरीने नशीब काढलं म्हणाले.

पंचांना आनंद व्हायला हवा होता. पण सकाळी हीच सायकल त्यांनी स्वतः पास केली होती. मंडळी पांगल्यावर ते पुन्हा त्या सायकलीपाशी उकिडवे बसले. शेवटचा फेरा चिखलातून होता. पुढचं चाक चिखलाने माखलेलं, मागचं लख्ख. मघाशी सगळ्यांचे डोळे पट्टीवर खिळले होते, त्यांचेही. शर्यत संपल्यावर कुणीतरी चाक बदललं होतं, आणि गिअरची दातेरी चक्रं मागच्या चाकावरच असतात. आणि हे चाक तर त्यांच्या घरचं, मुलीच्या सरावाचं. त्याचा वाकडा आरा त्यांनीच काढून नवा घातला होता. कुंपणानेच शेत खाल्लं की काय, या विचाराने ते मुलीला शोधायला निघाले.

मुलगी मामाच्या गाडीपाशी उभी होती. मामा म्हणजे पंचांचा मेहुणा आणि तिचा प्रशिक्षक. गाडीच्या डिकीत तिचं जॅकेट पसरलेलं होतं आणि ती तिथून हलेना. पंचांनी जॅकेट उचललं. खाली चिखलाचं चाक होतं.

"तू केलंस हे?"

"मी?" ती त्यांच्याकडे बघतच राहिली. "मला वाटलं, तुम्ही केलंत."

पंचांनी जॅकेट तिच्या हातात दिलं.

"सायकली तुमच्याच ताब्यात होत्या ना," ती खाली बघत म्हणाली. "इथे चाक दिसलं तेव्हा झाकून ठेवलं, तुमच्यावर बालंट नको म्हणून. चूक आहे हे कळत होतं. पण बरं वाटलं, बाबा. वाटलं, एकदा तरी तुम्ही माझ्या बाजूने उभे राहिलात."

पलीकडे मामा घसा खाकरत होता. त्यानेच केलं, असं तो म्हणाला. दाजींच्या न्यायापायी पोरीचं कधी भलं व्हायचं नाही, असंही वर म्हणाला. एरवी पंचांनी त्याला तिथेच सोलून काढला असता. आत्ता त्यांचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. मुलीने आपल्याला चोर समजावं, याचं त्यांना वाईट वाटलं नाही. आपण चोर नाही हे कळताच तिचा चेहरा उतरला, तो मात्र त्यांना बघवेना.

"जागा त्या पोरीची आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे मला," ती म्हणाली आणि जॅकेट अंगात घालू लागली.

पंच चाक उचलून कार्यालयाकडे निघाले. आपण पुन्हा वाकून बघितलंच नसतं तर बरं झालं असतं, असं जन्मात पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं.