आठ म्हणजे शून्य नव्हे

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. माझी पाठ निळ्या कापडाची, पुठ्ठा जाड, आणि एका कोपऱ्यावर वाटीच्या बुडाएवढा खड्डा आहे. तो कसा पडला ते ओघात येईलच. माझ्यात गोष्टी नाहीत, कविता नाहीत. माझ्यात आकड्यांचे अर्थ आहेत.

माझ्या मालकीण समाजशास्त्र शिकवत. सगळे त्यांना नुसते 'बाई' म्हणत. माणसे कशी जगतात हे त्या घरोघर जाऊन विचारत आणि मिळालेली उत्तरे आकड्यांत मांडत. त्या काळच्या यंत्राला आकडेच समजत, म्हणून प्रत्येक उत्तराला एक आकडा ठरलेला. कोणता आकडा म्हणजे काय, हे लिहून ठेवायला बाईंनी मला बांधून घेतले. "ही हरवली तर आकडे मुके होतील," असे त्या म्हणत.

एका वर्षी त्या मला पिशवीत घालून नाल्याकाठच्या वस्तीत गेल्या. तिथे एकशे बारा घरे होती. पाणी गढूळ, औषध मिळण्याची जागा दोन तासांच्या वाटेवर. त्यांचा सतरावा प्रश्न होता, 'तुमची किती मुले दगावली?'

दारात मशीन मांडून बसलेल्या एका शिवणवालीला त्यांनी तो विचारला. तिचा पाय थांबला नाही. सुईखालचे कापड संपले, तरी मशीन नुसतेच चालत राहिले. बाई थांबल्या. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "लिहा काहीही. तुमचा कागद भरला म्हणजे झालं."

बाईंनी काहीच लिहिले नाही.

कचेरीत कार्डांना भोके पाडून आकडे चढवण्याचे काम एका मावशींकडे होते. यंत्राच्या आवाजावरून त्यांना टकटकमावशी म्हणत. त्यांनी कागद पुढे धरला.

"बाई, सतराव्याला रिकामं आहे. शून्य मारू?"

"शून्य म्हणजे एकही मूल गेलं नाही. ही तर गप्प बसली."

"मग गप्प बसण्यालाही आकडा द्या. माझ्या यंत्राला मौनव्रत कळत नाही हो."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला उघडले आणि लिहिले : '८ — आई गप्प राहिली. हे शून्य नव्हे.' आठ मुले गेल्याचे कुणीच सांगितले नव्हते, म्हणून तो आकडा मोकळा होता. त्या वस्तीत असे एकेचाळीस आठ निघाले. या एकेचाळीस घरी मुले गेली असणार, तिथे पुन्हा जा, असे बाईंनी अहवालात स्पष्ट म्हटले, आणि त्या आठांच्या जोरावर वस्तीत दवाखाना आला.

ते माझे चांगले दिवस होते. विद्यार्थी मला मांडीवर घेऊन उतरून घेत. बाईंच्या वहीत आहे म्हणजे दगडावरची रेघ, असे बोलले जाई. थोडा गर्व झालाही असेल मला.

पुढे कार्डे गेली, आकडे साठवणाऱ्या चुंबकीय फिती आल्या. टकटकमावशी घरी बसल्या, त्यांचे यंत्र भंगारात गेले. बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी मला फितीच्या डब्याला सुतळीने बांधले. "आकडे जातील तिथं हीपण जाईल. जोडी मोडू नका." सगळ्यांनी माना डोलावल्या.

नवे कॉम्प्युटर आले तेव्हा फितीवरचे आकडे त्यांत उतरवून घेतले. सुतळी कापली, डबा टाकून दिला. एक टेबल डुगडुगत होते. त्याचा चौथा पाय माझ्यावर टेकवला. तो खड्डा तेव्हाचा.

मित्रांनो, मी तिथे अनेक वर्षे पडून होते. कसर माझ्या कडा कुरतडत होती. मग एके दुपारी त्याच टेबलावर नाल्याकाठच्या वस्तीचे आकडे उघडले गेले. दवाखान्याने काही फरक पडला का, हे पाहायचे होते. नवी पाहणी झालेली होती, ती जुनीशी ताडायची होती.

"एकेचाळीस बायकांची आठ-आठ मुलं गेली?" अधिकारी म्हणाले. "आणि सहा-सात कुणाचीच नाहीत? चढवणाऱ्याचा हात घसरलेला दिसतो."

"याची एक वही होती म्हणतात," शेजारचा कारकून म्हणाला.

"असेल. शोधत कोण बसणार?"

मी त्यांच्या बुटापासून वीतभर अंतरावर होते.

त्यांनी सगळे आठ पुसले. रिकामी जागा दिसली की तिथे शून्य धरायचे, असे त्या प्रोग्रॅमला सांगून ठेवलेले होते. त्याने निमूटपणे धरले. तक्ता निघाला : वस्तीत पूर्वीही मुले फारशी दगावत नव्हती, आताही नाहीत, म्हणजे दवाखान्याचा उपयोग नाही. महिन्याभरात दवाखान्याला कुलूप लागले.

अहवालात बाईंचे आभार मानले होते, म्हणून त्यांना एक प्रत गेली. ती टपालात रेंगाळली. हातात पडली तशी त्या काठी टेकत आल्या. "वही कुठंय?" एवढेच त्यांनी विचारले. कारकुनाने कपाटे पाहिली, माळा पाहिला. मग बाईंची नजर खाली गेली.

पान शाबूत होते. अधिकाऱ्यांनी ती ओळ दोनदा वाचली. "शुद्धिपत्र काढतो, बाई," ते म्हणाले. शुद्धिपत्र निघाले, चार ओळींचे. कुलूप तसेच राहिले.

बाई मला घेऊन वस्तीत गेल्या. शिवणवाली म्हातारी झाली होती, मशीनवर फडके टाकलेले होते. दवाखाना का गेला, हे बाईंनी तिला खाली मान घालून, काही न लपवता सांगितले.

तिने मशीनवरचे फडके सारखे केले. मग म्हणाली, "मी बोलले असते तर राहिला असता का?"

"नाही. तुमचं काही चुकलं नाही. तुमचं गप्प राहणं मी लिहून ठेवलं होतं. ते कुणी वाचलं नाही."

"मग आता लिहा. तीन." तिने बोटे दाखवली नाहीत. "आणि गेल्या महिन्यात नातू. दोन तास खांद्यावर घेऊन चालला माझा मुलगा. तो कुठं लिहिणार?"

बाईंनी त्या ओळीखाली 'तीन' लिहिले. सतरावा प्रश्न फक्त आईच्या मुलांचा होता; नातवासाठी रकाना नव्हता. त्यांनी पेन कागदावर टेकवले आणि ते तसेच राहिले.

मित्रांनो, आकडा जपाल तेव्हा त्याचा अर्थही शेजारी जपा. रिकामी जागा दिसली तर भरण्याआधी विचारा, तिथे कोण गप्प बसले आहे. मी आता फार दिवस टिकणार नाही. माझ्या त्या पानावर, पेन टेकले होते तिथे, शाईचा एक ठिपका आहे. तो पुसू नका. आणि त्याला शून्यही समजू नका.