फलकावरची वृषाली

सावेडीतल्या वृषालीच्या सासरच्या बंगल्यात, खालच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी तीस-पस्तीस बायका जमायच्या. तिची मोठी जाऊ निकिता तिथे वजन कमी करण्याचा क्लब चालवायची. दारातच मोठा फ्लेक्स होता. डावीकडे चौऱ्याऐंशी किलोची वृषाली, बाळंतपणानंतरची, ढगळ गाऊनमधली. उजवीकडे एकोणसाठ किलोची, कमरेवर हात ठेवून हसणारी. खाली लिहिलं होतं, ‘फक्त आठ महिन्यांत!’

त्या आठ महिन्यांत काय झालं ते फ्लेक्सवर नव्हतं. सकाळ-संध्याकाळ पाण्यात कालवलेली क्लबची पावडर आणि दुपारी वाटीभर काकडी-टोमॅटो. केस विंचरले की फणी भरून जायची. पाळी तीन महिने आली नव्हती. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, मग ती कठडा धरून उभी राहायची आणि कुणी बघितलं नाही ना, ते आधी पाहायची.

“ताई, थोडी भाकरी सुरू करू का?” असं तिनं एकदा विचारलं होतं.

“अगं, तुझ्याकडे बघून बायका येतात,” निकिता लाडानंच म्हणाली. “तूच सुटलीस तर मी त्यांना काय तोंड दाखवू?”

नवऱ्याला, सम्राटला, तिचा कोण अभिमान! तो शिकवायचा त्या शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना त्यानं मोबाईलवर तो फोटो दाखवला होता. सासूबाई पाहुण्यांसमोर तिला उभी करायच्या. घरात तिच्यावर कुणी आवाज चढवत नव्हतं, सगळे कौतुकच करत होते, आणि त्या कौतुकातून बाहेर पडायची वाट तिला सापडत नव्हती. खरं सांगायचं तर आता तिला स्वतःलाच भाकरीची भीती वाटायची. पारनेरहून तिची आई, चांगुणाबाई, बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आली होती, तेव्हा वृषालीनं एक घास खाल्ला आणि मोरीत जाऊन खूप वेळ चुळा भरल्या. चांगुणाबाई दाराबाहेर उभी होती.

एका रविवारी बेलापूरहून छबूबाई आल्या. पन्नाशीच्या, शेतात राबलेल्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या. हा त्यांचा तिसरा रविवार. वजन पावणेचार किलोनं उतरलं होतं. निकितानं आकडा मोठ्यानं वाचला, बायकांनी टाळ्या वाजवल्या. काट्यावरून उतरताना छबूबाईंनी वृषालीचा दंड धरला. हात थंड होता, घामानं ओला, आणि थरथरत होता.

“ताई, ह्यांना बरं वाटत नाहीये.”

“होतं असं सुरुवातीला,” निकिता म्हणाली. “शरीर साफ होतंय. बसा मावशी दोन मिनिटं.”

छबूबाई बसल्या त्या कलंडल्याच. वृषाली खाली वाकली.

“मावशी, शुगरची गोळी घेता का?”

“व्हय. सकाळीच घेतली.”

“आणि जेवण?”

“जेवन न्हाई. बारा दिस झालं भाकर सोडून. पावडरच हाय नुसती.”

वृषाली उठली. जिना ती कशी चढली, तिचं तिला कळलं नाही. ग्लासभर पाण्यात चार चमचे साखर ढवळली आणि खाली येऊन छबूबाईंना ते पाणी घोट घोट पाजलं.

“वृषाली, साखर?” निकिता हळू आवाजात म्हणाली. “सगळ्या बघतायत.”

पाच-दहा मिनिटांनी छबूबाईंचा घाम ओसरला. त्यांनी फ्लेक्सकडे पाहिलं, मग वृषालीकडे.

“बाई, मी तुमचा फोटू बघून आले. तुमी काय खाता वो?”

वृषालीला वाटलं, नेहमीसारखं हसावं आणि सांगावं, की सगळं खाते, प्रमाणात. ते वाक्य तोंडाशी आलंही.

“मी खातच नाही, मावशी,” ती म्हणाली. “मलाही चक्कर येते. तुम्ही आधी डॉक्टरांना विचारा. गोळी घेऊन उपाशी राहू नका.”

दुपारी घरात कुणी तिच्याशी बोललं नाही. सम्राट तेवढा खोलीत आला. “वहिनीची माफी माग. घरातलं असं चारचौघांत बोलतात का?” तिनं माफी मागितली. दुसऱ्या दिवशी आईला बोलावून घेतलं आणि तिच्यासोबत दवाखान्यात गेली. हिमोग्लोबिन साडेसातच भरलं. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि भाकरी, डाळ, अंडी, पालेभाज्या खायला सांगितल्या. अंगात ताकद आली की रोज चालायचं आणि थोडं वजन उचलायचं, म्हणाल्या. “पाच-सहा किलो वाढतील. वाढू द्या. तुमच्या उंचीला ते शोभतात.”

वाढू द्या, हे दोनच शब्द, पण घरी ते कुणापुढे उच्चारायची सोय नव्हती. सासूबाई म्हणाल्या, “दिवाळीपर्यंत वजन आहे तेवढंच राहू दे, मग बघू.”

पुढच्या रविवारी खालून टाळ्या ऐकू आल्या. सम्राट दारात आला. “पाचच मिनिटं चल. काट्यावर नको चढू, नुसती उभी राहा. बायका विचारतायत.”

वृषालीसमोर ताट होतं. भाकरी, मेथीची भाजी, एक उकडलेलं अंडं. अंड्याच्या कॅलरी किती, भाकरीच्या किती, हा हिशोब डोक्यात आपोआप चाललाच होता.

“माझं जेवण चाललंय,” ती म्हणाली.

“मग झाल्यावर ये.”

तो दारातच थांबला. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि त्याच्यादेखत सावकाश चावू लागली.