बंद पाकिटांची पोचपावती

सांधेदुखीची गोळी संपून दोन आठवडे झाले आणि बायकोच्या बोटांनी पुन्हा संप पुकारला. बाहीचं बटण लावायलाही तिला नवरा लागायला लागला. नवरा निवृत्त पोस्टमन. पस्तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाहिली, पण एकही उघडलं नाही, हा त्याचा मोठा तोरा.

आठवड्यातून एकदाच घ्यायची ही जहाल गोळी हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांनी सुरू केली आणि पुढची चिठ्ठी फॅमिली डॉक्टरांवर सोपवली. पाच महिने सुरळीत गेले. मग फॅमिली डॉक्टरांनी हॉस्पिटलचं नवं पत्र मागितलं. हॉस्पिटलने पाकीट दिलं. ते अपुरं म्हणून फॅमिली डॉक्टरांनी उलट पाकीट दिलं. दोघांच्या टोलवाटोलवीत पोस्टमनची निवृत्ती रद्द झाल्यासारखी झाली. मनातल्या मनात त्याने दोघांनाही शेलक्या शिव्या घातल्या, पण पाकीट मात्र उघडलं नाही.

तिसऱ्या खेपेला त्याने पाकिटाबरोबर एक जुनी वही फॅमिली डॉक्टरांपुढे ठेवली.

"इथे सही करा."

"कसली सही, काका?"

"पत्र पोचल्याची. म्हणजे उद्या कुणी मिळालंच नाही म्हणायला नको."

आता सही करायची म्हटल्यावर वाचणं आलं. आजवर शेवटची ओळ बघून पाकीट बाजूला सारणाऱ्या डॉक्टरांनी चष्मा लावला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या ओळीशी ते थांबले. दरमहा रक्ततपासणी आपण करत आहात असे गृहीत धरले आहे, असं तिथे टाईप केलेलं होतं.

"रक्त हॉस्पिटलमध्ये तपासतात ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"सहा महिन्यांत कुणी सुईसुद्धा टोचलेली नाही."

त्याच दिवशी तिचं रक्त घेतलं गेलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी धोक्याइतक्या उतरल्या होत्या. डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले, "दोन आठवडे गोळी मिळाली नाही, म्हणून काकू वाचल्या."

ज्या गोळीसाठी पोस्टमनने उंबरे झिजवले, ती मिळाली असती तर? त्याला भीती वाटली आणि स्वतःच्या तोऱ्याची लाजही वाटली. हॉस्पिटलच्या पहिल्या पत्रातही हीच ओळ होती; ते पाकीट उघडलं असतं तर ती त्यालाही वाचता आली असती.

आठवड्याभरात रक्त सुधारू लागलं. गोळी कायमची बंद झाली, दुसरी शोधायचं ठरलं. मग दोन्हीकडून पुन्हा एकेक पाकीट त्याच्या हातात आलं, पलीकडे पोचवायला. या खेपेला त्याने स्वयंपाकघरात बसून दोन्ही फोडली आणि चष्मा पुसून नीट वाचली.

"काय लिहिलंय?" बायकोने विचारलं.

"तुला वेळीच वाचवल्याबद्दल दोघं एकमेकांचे आभार मानतायत."

तिने हात पुढे केला. "बरं. आधी हे बटण लाव."