उशिरा पोचणारा निरोप

मित्रांनो, मी एक जुने जनुक आहे, डोळ्यांना न दिसणारे. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असते. रक्तातली साखर वाढली की इन्सुलिन सोडा, असा निरोप तिथल्या पेशींना पोचवण्यात माझाही हात असतो. पण कितीतरी पिढ्यांपूर्वी माझी नक्कल होताना एक अक्षर बदलले. तेव्हापासून माझा निरोप जरा उशिराच पोचतो.

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका माणसाकडे मी त्याच्या आईकडून आले. तरुणपणी तो दिवसभर शिडीवर चढउतार करी, म्हणून माझी कसर कुणाला जाणवली नाही. त्याच्या अक्षराची मात्र वाहवा होई. पट्टी न लावता तो सरळ रेघ ओढी.

पुढे छापील पाट्या आल्या. काम आटले, तो आपल्या दुकानात नुसता बसून राहू लागला. तहान वाढली, पाय बधिर झाले. एकदा खिळा रुतला तो त्याला कळलाही नाही. जखम त्याने महिनाभर मोज्यात लपवली. शेवटी शाळेत शिकवणाऱ्या त्याच्या मुलीला मोज्यावर डाग दिसला.

"बाबा, हे कधीचं आहे?"

"खरचटलंय गं. दुखत नाही. तू उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस."

पाऊल कापावे लागले. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "यांच्या आईला मधुमेह होता का?"

"आजीला कुणी कधी तपासलंच नाही," मुलगी म्हणाली. "शेवटी तिला दिसेनासं झालं होतं."

"मग तुम्हीही तपासून घ्या. रक्तात आलं म्हणजे होईलच असं नाही, पण धोका असतो."

मुलीची साखर काठावर निघाली. मी तिच्यातही होते.

बापाने भिंतीकडे तोंड फिरवले. "घर नाही देऊ शकलो तुला. आणि हे दिलं."

त्याच्या उरलेल्या पायाची बोटे तिने एकेक करून पाहिली आणि मोजा चढवला. मला बोलता आले असते, तर मीच त्याची माफी मागितली असती.

वर्षभरात तो गेला. तो सल मनात घेऊनच गेला.

मुलगी आता शाळेत चालत जाते, दर सहा महिन्यांनी रक्त तपासते. साखर अजून काठावरच आहे.

मित्रांनो, मला तुमच्यातून काढता येत नाही, पण मला ओळखता येते. आपल्या घरात कोण कशाने गेले, ते विचारा. आजारी माणसाला दोष देऊ नका. आणि म्हाताऱ्यांचे पाय अधूनमधून उजेडात बघत जा, दुखत नाही असे ते म्हणाले तरी.