देओलिंदा मावशीचा वजा एक

माझ्या मावशीच्या घरी पुढच्या खोलीत बारा वाजतात तेव्हा मागच्या स्वयंपाकघरात एक वाजलेला असतो.

यात जादू काही नाही. पुढची खोली टेकडीकडे तोंड करून आहे, आणि टेकडीवर आपल्या पोर्तुगालचा मोबाइलचा मनोरा आहे. स्वयंपाकघराची खिडकी नदीवर उघडते. नदी ओलांडली की स्पेन, तिथे घड्याळ एक तास पुढे. मावशी फोन नेहमी खिडकीत, लसणाच्या परडीशेजारी ठेवते. तिथे त्याला पलीकडचा मनोरा जास्त जोरात ऐकू येतो, आणि फोन मुकाट्याने स्पॅनिश होऊन जातो.

मी हे मोजून पाहिलं आहे. फोन हातात धरून पुढच्या खोलीतून मागे गेले आणि उभी राहिले. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग स्पेनमध्ये स्वागत असल्याचा संदेश आला आणि तासाचा आकडा बदलला. मी परत पुढे गेले. परत मागे आले.

"बाई गं, नाच झाला असेल तर कांदे सोल," मावशी म्हणाली.

तो रविवार साधा नव्हता. माझा मावसभाऊ तेल्मू आणि पलीकडच्या सान ब्लासची रोसीओ यांनी लग्न करायचं ठरवून वर्ष होत आलं होतं. तारीख मात्र ठरत नव्हती, कारण रोसीओची आई एन्कार्नाबाई अजून 'हो' म्हणाली नव्हती. 'नाही'ही म्हणाली नव्हती. ती एवढंच म्हणाली होती की आधी मुलाच्या घरी जेवेन, मग बोलेन. त्यात मागच्या जत्रेत तिने कोणाला तरी सांगितलं होतं की पोर्तुगीज लोकांचा भात दात पडलेल्यांसाठी असतो. ते वाक्य होडीत बसून अर्ध्या तासात मावशीपर्यंत पोचलं होतं.

म्हणून आज वाम माशाचा भात होता. मावशीच्या हातचा वामीचा भात खायला लोक मेर्तोलाहून येतात. तो पातळसर असतो, ताटलीत पसरतो, वर भरपूर कोथिंबीर. त्याची एकच अडचण. तो ज्या क्षणी तयार होतो त्या क्षणी खावा लागतो. दहा मिनिटं गेली की तांदूळ सगळा रस पिऊन टाकतो, आणि मग एन्कार्नाबाईचं म्हणणं खरं ठरतं.

"दोन वाजता बोलावलंय," मावशी सांगत होती. कोपरापर्यंत हात राखेने माखलेले. बुळबुळीत वाम राखेशिवाय हातात ठरत नाही. "आपले दोन. तेल्मूने तीनदा सांगितलंय त्यांना. यजमानाचं घर, यजमानाचं घड्याळ."

"आणि तुझं घड्याळ कुठलं?"

तिने हनुवटीने खिडकीकडे खूण केली. फोनमध्ये अकरा वाजून गेले होते. माझ्या मनगटावर दहा.

"मावशी, हा चुकीची वेळ दाखवतोय."

"चुकीची कशाला? एक वजा केला की बरोबर. दोन वर्षं करतेय. पुढच्या खोलीत तसाच वाचायचा, इथे एक वजा."

"आणि दारात उभी असलीस तर?"

"दारात मी कशाला उभी राहू? मला कामं नाहीत?"

घंटा ऐकायची सोयही आमच्या गावात नाही. दोन्ही काठांची देवळं आपापले ठोके देतात, आणि पाण्यावरून कुठला आवाज कुठून आला ते कळत नाही. त्यामुळे घंटांकडे कोणी लक्षच देत नाही.

मी भौतिकशास्त्र शिकले आहे. रोज एकाच बाजूला एकाच मापाने चुकणाऱ्या यंत्रापुढे मला गप्प बसवत नाही. मी हात पुसले आणि फोन उघडला. बहुतेक लोक इथे सगळंच 'आपोआप' बंद करतात आणि आकडे हाताने भरतात. मग मार्चमध्ये उन्हाळी वेळेसाठी घड्याळं तासभर पुढे गेली की पुन्हा घोळ. त्यापेक्षा वेळ आपोआपच राहू द्यायची. मिनिटं आणि सेकंद मनोऱ्याकडून घ्यायला हरकत नाही, ते दोन्ही देशांत सारखेच असतात. फक्त टाइम झोन स्वतः निवडायचा. तेवढी एकच कळ बंद केली, यादीतून लिस्बन निवडलं. आकडा एकने खाली आला. फोन खिडकीत ठेवला, थांबले, स्पेनचा स्वागताचा संदेश येऊ दिला. आकडा हलला नाही.

"झालं," मी म्हणाले. "आता हा कुठेही ठेव. बरोबर वेळ दाखवेल. काही वजा करायचं नाही."

"बरं झालं," मावशी म्हणाली. "कांदे?"

मग मला कामाला जुंपलं गेलं. पाव आणायचा, शेजारच्या सेझाल्तिनाकडून पांढरा टेबलक्लॉथ उसना आणायचा, तेल्मूचा सदरा त्याच्या मागे होडीच्या धक्क्यापर्यंत धावत नेऊन द्यायचा. शेवटी मीही धक्क्यावरच थांबले, कारण तेल्मूचा चेहरा रश्श्यात घालायच्या आधीच्या वामीसारखा दिसत होता.

"आईने तांदूळ टाकला असेल ना?" तो म्हणाला.

"होडी सुटलेली दिसली की टाकणार आहे. तांदूळ शिजायला वीस मिनिटं, पाहुण्यांना पाणी ओलांडून चढ चढायला तेवढीच. सगळं हिशेबात आहे."

"तिला खिडकीतून होडी दिसते?"

"बघितलं तर दिसते."

समोरून होडी सुटली. होडीवाला अबीलियू काका वल्ही न मारता इंजिन चालवत होता, म्हणजे पाहुणे महत्त्वाचे होते. एन्कार्नाबाई पुढे ताठ बसली होती, मांडीवर पर्स. मागे रोसीओ आणि तिचे वडील. उतरल्यावर एन्कार्नाबाईने तेल्मूचे दोन्ही गाल चुंबले आणि मला विचारलं, "वेळेत आहोत ना?"

"अगदी," मी घड्याळ पाहून म्हणाले, आणि मला फार बरं वाटलं.

ते बरं वाटणं चढ संपेपर्यंतच टिकलं. मावशीने दार उघडलं तेव्हा तिच्या डोक्यात सहा गुलाबी रोलर होते, अंगात जुना झगा, आणि हातात लसणाचा बत्ता. तिने आमच्याकडे पाहिलं. मग होडीतून आलेल्या प्रत्येकाकडे एकेक करून पाहिलं.

"अरे वा," ती म्हणाली. "पलीकडे भूक जरा लवकर लागते वाटतं."

"लवकर?" एन्कार्नाबाईचा आवाज वरच्या पट्टीत गेला. "बाई, आमच्याकडे तीन वाजलेत! तुमच्या घड्याळाचा मान राखायचा म्हणून सकाळपासून मी या माणसाला पावाचा तुकडासुद्धा खाऊ दिलेला नाही!"

तिच्या नवऱ्याने खिन्नपणे मान हलवली. हे खरं असल्याचं त्याच्या पोटानेही सांगितलं.

"आमच्याकडे एक वाजलाय," मावशी म्हणाली. ती आत गेली, फोन घेऊन आली आणि पुराव्यासारखा पुढे धरला. "हे बघा."

एन्कार्नाबाईने पर्समधून चष्मा काढला. "यात दोन वाजलेत."

"ते तुमचे दोन."

"आमचे तीन आहेत!"

"मग हे कोणाचे दोन?"

तेल्मूने हळूच माझ्याकडे पाहिलं. मग रोसीओने. मग मावशीने, आणि तिच्या हातातला बत्ता किंचित वर गेला.

"ते खरे दोन आहेत, मावशी," मी म्हणाले. "सकाळी मी दुरुस्त केला ना? तू त्यातून अजून एक वजा करतेयस."

मावशी दाराच्या चौकटीला टेकली. "सांगितलं होतंस गं. ऐकलंही होतं मी. पण डोळा त्या फोनवर गेला की डोकं आपलं आपण एक वजा करतं, मला न विचारता." मग ती चिडली. "फोन दुरुस्त केलास, मला कोण दुरुस्त करणार होतं?"

चुकणारं यंत्र आणि ती चूक भरून काढणारी बाई, अशी मिळून ती जोडी दोन वर्षं बिनचूक चालली होती. मी त्यातला अर्धा भाग सुधारला होता.

"आई," तेल्मूने विचारलं, "भात?"

"कुठला भात? तांदूळ अजून डब्यात आहे." मावशीने एक हात डोक्याला लावला, तिथे तिला रोलर सापडले, आणि तिचा चेहरा पडला. तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. तेल्मूचे वडील वारले तेव्हाही तिने लोकांसमोर डोळ्यांत पाणी येऊ दिलं नव्हतं. "सहा दिवस झाले मी या जेवणाचा विचार करतेय," ती एन्कार्नाबाईला म्हणाली. "आणि तुम्हाला दारात उभं करून ठेवलंय. जा, सांगा सान ब्लासमध्ये. सांगा की दात पडलेल्यांचा भातसुद्धा मिळाला नाही."

रोसीओने डोळे मिटले. म्हणजे ते वाक्य होडीतून आलंय हे तिलाही माहीत होतं.

एन्कार्नाबाईने चष्मा पर्समध्ये ठेवला, पर्स नवऱ्याच्या हातात दिली.

"तांदूळ अजून टाकलाच नाही?"

"नाही म्हटलं ना!"

"देवा तुझे उपकार." तिने कोटाची बटणं सोडायला सुरुवात केली. "अख्खी नदी मी त्याच काळजीत ओलांडली. म्हटलं, या बाईने तासभर आधीच शिजवून झाकून ठेवला असेल. मग तो लगदा मला हसत हसत गिळावा लागेल, आणि मला हसता येत नाही. विचारा याला."

"येत नाही," तिचा नवरा म्हणाला.

"रस्सा तरी झालाय ना?"

"रस्सा सकाळपासून तयार आहे," मावशी दुखावून म्हणाली. "रश्श्याबद्दल बोलू नका."

"मग चला आत. ॲप्रन द्या. आणि ते डोक्यातलं काढा. की राहू दे, बंबवाल्याच्या टोपीसारखं छान दिसतंय, आग लागली तर उपयोगी पडेल."

मावशी हसायची नव्हती. तरी हसली.

मग जे झालं ते मी कांदे चिरायच्या फळीजवळून पाहिलं. तिथून हलायची मला परवानगी नव्हती. तांदूळ रश्श्यात पडला. पहिली दहा मिनिटं दोघी आळीपाळीने झाकण उचलून बघत होत्या. मग एन्कार्नाबाई म्हणाली, "आता पाणी पुरे."

"अजून एक डाव," मावशी म्हणाली आणि दोन घातले.

"भात करताय की सूप?"

"तुमच्याकडे भात चावायला करवत लागते असं ऐकलंय."

"आमच्याकडे प्रत्येक दाणा वेगळा उभा राहतो."

"हो, शेजाऱ्याशी भांडण झाल्यासारखा."

मागे रोसीओचे वडील पावाचा एक तुकडा तोंडात टाकत होते. आपल्याला कोणी पाहिलं नाही असं त्यांना वाटलं.

"आता!" मावशी ओरडली. "ताटल्या आणा! आत्ताच्या आत्ता!"

"अजून सात मिनिटं," एन्कार्नाबाई म्हणाली आणि गॅसच्या बटणावर हात ठेवला.

मावशीने त्या हाताकडे पाहिलं. तिच्या स्वयंपाकघरात त्या बटणाला मीही कधी हात लावलेला नाही. वाटलं, आता संपलं. पण मावशीने डाव उचलला आणि भराभर अर्धं पातेलं ताटल्यांत काढलं. पातळ, वाफाळता, वर मूठभर कोथिंबीर. उरलेलं पातेलं तिने एन्कार्नाबाईकडे सरकवलं.

"घ्या. हे तुमचं. काय उभे करायचे ते दाणे करा."

एन्कार्नाबाईने मात्र आधी ताटली उचलली. टेबलाशी न जाता, शेगडीशी उभ्यानेच तिने एक चमचा खाल्ला. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. तिने दुसरा खाल्ला. वाम तोंडात फिरवली, काटा बाजूला काढला, तिसरा खाल्ला. मग ताटली तिरकी करून खालचा रस प्यायली. जत्रेत तसं करताना कोणी दिसलं असतं तर तिने त्याला नावं ठेवली असती.

"हं," ती म्हणाली.

"हं म्हणजे काय?" मावशीने विचारलं.

"हं म्हणजे थांबा, माझा करपेल."

तिने आग मोठी केली आणि पातेल्याला कान लावला. खालून तडतड आवाज येईपर्यंत ती तशीच वाकून राहिली. मग पातेलं उतरवलं, बुडाची सोनेरी खरपुडी खरवडून पहिला तुकडा मावशीच्या हातावर ठेवला.

मावशीने तो चावला. बराच वेळ चावला. "करपलंय," ती म्हणाली, आणि दुसरा तुकडा घेतला.

टेबलाशी बसल्यावर कोणी कोणाच्या बाजूचा भात घेतला याचा हिशेब ठेवणं अवघड झालं. तेल्मूने दोन्ही ढीग एकत्र कालवले, तेव्हा दोघींनी एकाच वेळी त्याच्या हातावर चमचा मारला. रोसीओ हसून लाल झाली होती. तिचे वडील तिसरी ताटली संपवत होते आणि त्यांना आता किती वाजलेत याची काहीही पर्वा नव्हती.

"जूनमध्ये करू," एन्कार्नाबाई अचानक म्हणाली.

तेल्मूच्या हातातला पाव खाली पडला. "लग्न?"

"नाही, वामीची शर्यत. लग्नच, मुला." ती मावशीकडे वळली. "पण भात तुम्ही करायचा. सगळ्या गावाला. मी फक्त शेजारी उभी राहणार."

"शेजारी उभं राहून काय करणार?"

"आग कधी बंद करायची ते सांगणार."

"मग हे लग्न होत नाही," मावशी म्हणाली, आणि विहीणबाईंची ताटली पुन्हा काठोकाठ भरली.