जिवंत माणसाचं नाव

“गोष्टीत नाव कुठलंही घाल, पोरी. मेलेल्याचं घाल, खोटं घाल. जिवंत माणसाचं तेवढं घालू नकोस. घातलंस तर त्याच्या दाराशी रोज जावं लागतं.”

सेगुलामावशी असं म्हणाल्या तेव्हा वैभवी हसली होती. लॅपटॉपवरून नजरही न काढता म्हणाली, “मग तुमचंच घालते. नाहीतरी मी रोज येतेच की!”

मावशी हसल्या नाहीत. चहात बुडवलेलं बिस्कीट हातातच राहिलं आणि अर्धं तुटून कपात पडलं.

तेव्हा वैभवी दुबईजवळच्या अजमानला राहायची आणि सेगुला झिराडकर तिच्या समोरच्या दारात. मूळच्या रेवदंड्याच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू. लग्नानंतर इस्रायलला गेल्या, तिथे नर्सची नोकरी केली, आणि तिथून दुबईची विमानं सुरू झाली तशा मुलाच्या मागे इकडे आल्या. मुलगा एलियाझर जहाजावर, महिनोन्‌महिने समुद्रात. मावशींचं मराठी मात्र अजून रेवदंड्यातच होतं. वैभवीला रविवारच्या मराठी वर्गातल्या मुलांसाठी गोष्टी हव्या होत्या. मावशींकडे वडिलांचं एक हिब्रू नीतीचं पुस्तक होतं. त्या वाचून मराठीत सांगायच्या, वैभवी टाइप करायची.

“आमची ही पुस्तकं बरीचशी उसनी गो,” मावशी म्हणायच्या. “गोष्ट निघाली तुमच्याकडून, अरबांनी घेतली, मग आमच्यात आली. ज्यानं घेतली त्यानं आपले कपडे चढवले. तुमचा ब्राह्मण तिकडे हकीम झाला, आमच्याकडे रब्बी. नाव ओळखीचं असल्याशिवाय शिकवण अंगाला लागत नाही.”

तीच रीत वैभवीनं पुढे चालवली. रब्बीचे गुरुजी केले, शहराला टॉवर दिले, लिफ्ट दिली. आणि एका गोष्टीत मावशींचं नाव घातलं. गोष्ट अशी: उंच घरांच्या शहरात एक म्हातारी एकटी राहायची. आजारी पडली, हाक मारायला आवाज उरला नाही, म्हणून भिंतीवर ठोकायला लागली. शेजाऱ्याला वाटलं, पलीकडचा बघेल. पलीकडच्याला वाटलं, त्याच्या पलीकडचा. ठोका या भिंतीतून त्या भिंतीत जात राहिला. म्हातारीच्या जिवात जीव असेतो तो थांबणार नव्हता, आणि तो शेवटी ज्याला ऐकू येईल, जायचं त्यानं होतं.

वैभवीच्या पाच वर्षांच्या लेकीला, अस्मीला, हीच गोष्ट रोज हवी असायची. “सेगुला आजीवाली!”

मग वैभवीच्या नवऱ्याचं, कुशलचं, ऑफिस बदललं आणि ते दुबईत अल बर्शाला राहायला आले. सुरुवातीला वैभवी रोज फोन करायची. मग अस्मीची शाळा, तिचा ताप, पुन्हा ताप, आणि वैभवीचा स्वभाव असा की पोरगी शिंकली तरी ही रात्रभर उशाशी बसणार. फोन आज राहिला, उद्याही राहिला.

एका दुपारी जेवणं झाल्यावर अस्मी भिंतीला कान लावून उभी दिसली.

“काय करतेस गं?”

“सेगुला आजी इज नॉकिंग.”

“चल, वेडाबाई. ती गोष्टीतली.”

“नो ममा. शी इज टायर्ड.”

वैभवीनं कान लावला. एसीची घरघर होती. तिच्याखाली, हळू, बोटाच्या पेरानं वाजवावं तसं ठक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा ठक.

त्या भिंतीपलीकडे फ्लॅट नव्हता. सातवा मजला, बाहेर नुसती हवा आणि लांबून जाणारी मेट्रो.

कुशल संध्याकाळी आला. भिंत थोपटून बघितली. “पाइप आहे गं एसीचा. मेंटेनन्सला कंप्लेंट टाकतो, खलास.”

“पाइप दमतो का रे?”

“तू आधी पोरीला असल्या गोष्टी सांगणं बंद कर.”

वैभवीनं मावशींना फोन लावला. बंद होता. दुसऱ्या दिवशी अस्मीला शाळेत न पाठवता बरोबर घेऊन तिनं टॅक्सी केली आणि अजमान गाठलं. आपल्या जुन्या दारासमोरच्या, मावशींच्या दारावर नवं नाव होतं. खाली वॉचमन हम्माद तिला बघून उठला आणि खूश झाला.

“मॅडम! नानी कैसी है?”

“कोण नानी?”

“सेगुला नानी! मालिक को फ्लॅट चाहिए था ना. मैंने खुद टॅक्सी में बॅग रखी. बोली, बेटी के घर जा रही हूँ, अल बर्शा.” त्यानं वैभवीकडे नीट बघितलं आणि त्याचा आवाज उतरला. “आपके पास नहीं आयी?”

 वैभवीनं तिथेच पायरीवर बसून एलियाझरला मेसेज टाकला. उत्तर आलं ते दोन दिवसांनी, जहाज कुठल्याशा बंदराला लागल्यावर. ‘थँक यू ताई. आईला तुम्ही ठेवून घेतलंत, माझी काळजी मिटली. निघताना म्हणाली होती, फोन बिघडत चाललाय. बरी आहे ना?’

हम्मादला वाटलं, वैभवीकडे आहे. मुलाला वाटलं, वैभवीकडे आहे. वैभवीला वाटत होतं, अजमानला आहे. सगळ्यांच्या मनात म्हातारी सुखरूप होती, आणि कुठेच नव्हती.

पोलिसांकडे नोंद झाली. कुशल, पाइप म्हणणारा कुशल, सुट्टी टाकून हॉस्पिटलं पालथी घालतोय. टॅक्सीचा पत्ता लागलेला नाही. मावशींकडे पत्ता होता तो वैभवीनंच फोनवर सांगितलेला, आणि अल बर्शात सारख्या दिसणाऱ्या इमारती किती, ते तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक. कुणीतरी दया येऊन आत घेतलं असेल. एखादी खोली भाड्यानं घेतली असेल. संकोची बाई, चुकले म्हणून परत फोन करायची नाही.

ठोका अजून येतो. आता कुशललाही ऐकू येतो, पण तो त्याबद्दल बोलत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत चाललंय. अस्मी भिंतीला हात लावून म्हणते, “वेट, आजी.” आणि वैभवीही तिला तिथून ओढून काढत नाही.

म्हणून वैभवी भेटेल त्याला सांगते, आणि आता तुम्हाला सांगते आहे. तुम्ही अल बर्शात असाल, शारजात असाल, कुठेही असाल. तुमच्या मजल्यावर एखादं दार असेल ज्यामागे कोण राहतं ते तुम्हाला माहीत नाही. बाई सत्तरीपुढची, बारीक, पांढऱ्या केसांवर रुमाल बांधते. हिंदीत विचारलंत तर ‘सब ठीक है’ म्हणेल. मराठीत विचारा. शेजारचे बघतील म्हणून थांबू नका, तेही तसंच म्हणत असतील. हे बाजूला ठेवा, उठा आणि जाऊन बेल दाबा.